पाच बाद ३५३

आमच्याकडे (म्हणजे वर्धा, आर्वी, हिंगणघाट आणि तिथून पुण्या-ठाण्या-डोंबिवलीला पांगलेले आमचे यच्चयावत भाऊबंद) क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की गाडी हमखास एका आकड्यावर येऊन अडते. पाच बाद ३५३. १४ मार्च २०२४, वानखेडे स्टेडियम, रणजी फायनलचा पाचवा दिवस, विदर्भ विरुद्ध मुंबई. आकडा वाचूनच ज्यांच्या पोटात कालवलं त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल, त्यांची खपली मी कशाला काढू? बाकीच्यांसाठी लिहितो.

पण मॅचच्या आधी थोडा इतिहास-भूगोल. कारण मुंबईशी हरणं आम्हाला दिल्ली किंवा सौराष्ट्राशी हरण्यापेक्षा वेगळं का लागतं, हे ठाण्याच्या मंडळींना अजून उमगलेलं नाही. "अरे, एकाच राज्यातले आपण, कप घरातच राहिला ना!" असं म्हणतात. म्हणू द्या.

रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४-३५ ला. तेव्हा वर्धा होतं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, राजधानी नागपूर, आणि त्याच नावाचा संघ रणजीत उतरला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, नागपूरची राजधानी गेली, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्याचा नकाशा असा दोनदा बदलला. क्रिकेटचा मात्र बदललाच नाही! विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून रणजी खेळू लागला तो मध्य विभागात. म्हणजे आमचे शेजारी कोण, तर मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे. मुंबई, महाराष्ट्र (म्हणजे पुणेवाले), गुजरात, बडोदा, सौराष्ट्र हे सगळे पश्चिम विभागात. एका राज्याचे तीन रणजी संघ, त्यातले दोन एका पंगतीत आणि तिसरा भिंतीपलीकडच्या पंगतीत.

आमच्या पहिल्या हंगामानंतर लगेच, १९५८-५९ पासून, मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी जिंकली. सलग पंधरा! त्या काळात विदर्भाची आणि मुंबईची गाठ पडायची तर बाद फेरीतच, आणि बाद फेरीपर्यंत आम्ही पोचायचो क्वचित. पुढे विभागवार पद्धत जाऊन एलिट आणि प्लेट असे गट आले, त्यातही आम्ही बरीच वर्षं प्लेटमध्ये. तेव्हा खरं सांगायचं तर मुंबई आमची प्रतिस्पर्धी नव्हतीच. बरोबरी असल्याशिवाय कसलं वैर? आमच्या लहानपणी गावातली पोरं गल्लीत खेळताना गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर व्हायची. विदर्भाचा कोण व्हावं हा प्रश्नच नव्हता. विदर्भाचा पहिला कसोटी खेळाडू, उमेश यादव, यायला २०११ उजाडावं लागलं. खाणीत काम करणाऱ्याचा पोरगा, फास्ट बॉलर. त्या वर्षी गल्लीत पहिल्यांदा एखाद्याने लांब रनअप घेतला असेल तर तो त्याच्यामुळे.

मग आलं २०१७-१८. इंदूरला फायनल, समोर दिल्ली, रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरच्या १३३ धावा, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता. नऊ विकेट राखून. कॅप्टन फैज फझल आपला नागपूरचा, पण कोच चंद्रकांत पंडित आणि विजयी फटका मारणारा वसीम जाफर, दोघेही पक्के मुंबईकर. (हे डोंबिवलीचे जावईबापू आठवणीने सांगतात. दरवेळी.) पुढच्या हंगामात नागपूरला आम्ही मुंबईला एक डाव राखून हरवलं, जाफरने मुंबईविरुद्ध विदर्भाकडून शतक ठोकलं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून कप राखलासुद्धा. सलग दोन. मुंबईने तेव्हा शेवटचा कप जिंकलेला होता २०१५-१६ चा.

तर आता फायनलचं. मार्च २०२४, आधी नागपूरला सेमीफायनलमध्ये मध्य प्रदेशला ६२ धावांनी हरवून आपण वानखेडेवर. तसं तेही स्टेडियम आपल्याच माणसाच्या नावाचं आहे बरं का. शेषराव वानखेडे नागपूरचे, विधानसभेचे अध्यक्ष, शिवाय मुंबईच्या क्रिकेट संघटनेचेही अध्यक्ष. ब्रेबॉर्नवाल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी तिकिटांवरून, जागांवरून वाजलं तेव्हा या वैदर्भीय माणसाने मुंबईला स्वतःचं वेगळं मैदान उभारून दिलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झालीसुद्धा. मुंबईचा किल्ला बांधणारा गडी नागपूरचा. आता त्याच किल्ल्यावर आम्ही चढाई करणार होतो.

टॉस जिंकून फिल्डिंग घेतली. मुंबई बिनबाद ८१ वरून ६ बाद १११. मोबाईलवर मॅच बघत होतो, घरातल्या ग्रुपवर मी दोन वेळा फटाके पाठवले. मग शार्दुल ठाकूर आला आणि ७५ मारून गेला. २२४ वर आटपले. ठीक आहे म्हटलं. पण आमची पहिली इनिंग १०५! सर्वाधिक धावा यश राठोडच्या, २७. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कोणीच लिहू नये. मुंबईने दुसऱ्यांदा ४१८ केल्या, मुशीर खान १३६, श्रेयस अय्यर ९५, रहाणे ७३. जिंकायला हव्या होत्या ५३८. ग्रुपवर शांतता. डोंबिवलीहून फक्त एक अंगठा आला.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. दणकून हरलेली मॅच माणूस दोन दिवसांत विसरतो. पण पोरं उठली. करुण नायर ७४ करून गेला, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी ५ बाद २४८. क्रीजवर कॅप्टन वाडकर आणि हर्ष दुबे. शेवटच्या दिवशी हव्या २९०, हातात पाच विकेट. शहाणा माणूस टीव्ही लावत नाही अशा दिवशी. आम्ही लावला.

सकाळचं सत्र संपलं, एकही विकेट नाही. लंचला ५ बाद ३३३. आता हे आकडे नुसते वाचून कळणार नाही काय झालं ते. वर्ध्यात बजाज चौकात, बँकेत, एसटी स्टँडवर, जो तो खिशातून मोबाईल काढून एकमेकांना विचारत होता, "काय झालं बे? आहे का वाडकर?" आहे. ज्यांनी आयुष्यात रणजी बघितली नाही ते लोक दोनशे पाच रन म्हणजे किती ओव्हर हा हिशोब करत होते. आमच्या मावशीने (वय ७४) देवापुढे निरंजन लावून ठेवलं होतं आणि ते विझू नये म्हणून स्वयंपाकघरातून उठत नव्हती. लंचनंतर वाडकरचं शतक झालं. १३० धावांची भागीदारी. पाच बाद ३५३.

मग तनुष कोटियनने वाडकरला पायचीत केलं, १०२ वर. थोड्याच वेळात दुबे गेला, ६५ वर. शेवटच्या पाच विकेट पडल्या १५ धावांत. सगळे बाद ३६८, हार १६९ धावांनी. शेवटची ओव्हर रहाणेने धवल कुलकर्णीला दिली, त्याची ती कारकिर्दीतली शेवटची मॅच, आणि त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला. मुंबईचा बेचाळिसावा कप. प्रसंग मोठा हृद्य होता म्हणे. असेल. आम्ही तोपर्यंत टीव्ही बंद केला होता.

आता यात दुखतं ते काय? पहिल्या डावातल्या १०५ मध्ये खरी मॅच गेली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी १०५ ची आठवण कोणी काढत नाही, ३५३ चीच काढतात. मला वाटतं त्या सकाळच्या अडीच तासांत पहिल्यांदाच असं झालं की मुंबई घाबरलेली आपण पाहिली. निदान आपल्याला तसं वाटलं. नागपूर करारापासून हिवाळी अधिवेशनापर्यंत, अनुशेषापासून रेल्वेच्या वेटिंग लिस्टपर्यंत जे जे काही मुंबईकडून यायचं ते उशिरा आणि उरलेलं, असं ऐकत आमच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. त्यातलं किती खरं किती गाऱ्हाणं हा वेगळा विषय. पण त्या दिवशी लंचला आपण मागायला नव्हतो गेलो, घ्यायला गेलो होतो.

कोलकात्याच्या मोहन बागानवाल्यांना म्हणे १९७५ च्या शील्ड फायनलमधले ईस्ट बंगालचे पाच गोल अजून बोचतात, पन्नास वर्षं झाली तरी. कोल्हापुरात तालमीतालमींच्या फुटबॉलचंही तसंच, पाटाकडील आणि दिलबहार म्हटलं की घराघरात दोन तट. आमच्या नशिबी फुटबॉल नाही, पण असा एक पराभव आता आमच्याकडेही आहे.

आणि हो, वर्ध्याचा या वैराशी आणखी एक जुना संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची माणसं गाडीत बसून वर्ध्याला आली होती, गांधीजींना भेटायला. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने व्हायचे, हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेले असे पाच संघ, आणि अफाट गर्दी. देशात सत्याग्रह चालू, नेते तुरुंगात, अशात हे सामने खेळावेत का, असा सवाल होता. गांधीजींनी सांगितलं की त्यांची सहानुभूती सामने बंद करू पाहणाऱ्यांकडे आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं, कॉलेजा-कॉलेजांत, संस्था-संस्थांत सामने होतात ते समजू शकतं, पण धर्मावरून संघ कशाला? ती स्पर्धा १९४५-४६ नंतर बंद पडली. मला यातला पहिला अर्धा भाग आवडतो. गावाने गावाशी, कॉलेजने कॉलेजशी भिडावं, त्याला सेवाग्रामच्या म्हाताऱ्याची हरकत नव्हती. म्हणजे जावईबापूंशी भांडायला आम्हाला परवानगी आहे :)

असो. फेब्रुवारी २०२५, सेमीफायनल, पुन्हा मुंबई, पण या वेळी जामठ्याला. जामठा तर वर्धा रोडवरच, आपल्याला नागपूरच्याही आधी लागतं. केळझरच्या गणपतीला हात जोडायचे, बुटीबोरी ओलांडायची, की आलंच. पार्थ रेखडेने एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबेला काढलं, यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ केल्या, हर्ष दुबेने दुसऱ्या डावात पाच विकेट घेतल्या. लक्ष्य होतं ४०६, मुंबई सगळे बाद ३२५. ऐंशी धावांनी विजय. शेवटच्या जोडीने पन्नासावर धावा काढून जीव टांगणीला लावला तेव्हा मावशीने परत निरंजन लावलं. पुढे २ मार्चला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर कप आपला, तिसऱ्यांदा. केरळकडून ७९ करून आपल्याला घाम फोडणारा आदित्य सरवटे, तोही मूळचा आपलाच!

पैजेप्रमाणे डोंबिवलीहून बाकरवडी यायला हवी होती. २०२४ ला आम्ही मुकाट्याने गोरसपाकाचे दोन डबे पाठवले होते. बाकरवडी आली, पण सोबत चिठ्ठी होती: "सेमीफायनल होती, फायनल नव्हे."

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुलीप ट्रॉफीच्या सेमीफायनलला पश्चिम विभागाकडून श्रेयस अय्यर, शार्दुल, कोटियन वगैरे मंडळी उतरली, आणि समोर मध्य विभागातून मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशाच्या पोरांबरोबर विदर्भाची पोरं. मॅच ड्रॉ झाली, पहिल्या डावाच्या आघाडीवर मध्य विभाग फायनलला गेला आणि पुढे दुलीपही जिंकला. मी ग्रुपवर कळवलं. जावईबापूंचं उत्तर आलं, "अहो, तुम्ही आमच्या विभागात नाहीच का मग?"

नाही ना. १९५७ पासून तेच तर सांगतोय.