बालकांचा अपस्मार आणि शल्यविद्येचा इतिहास



कामगार चळवळीतल्या माणसाने मेंदूच्या शस्त्रक्रियेवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमची शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. या विषयाकडे मात्र आम्हांला पुस्तकाने नेले नाही. १९९८ साली युनियनमधल्या एका सभासदाच्या आठ वर्षांच्या मुलीला दिवसातून पाच-सहा वेळा फेफरे येई. कांदा हुंगवून झाला, वहाण नाकाशी धरून झाली, गंडेदोरे झाले, तीन प्रकारची औषधेही झाली. मुलीपायी बापाचे खाडे होत, म्हणून कारखान्याने पगार कापला. आम्ही भांडलो, पगार परत मिळवला, पेढे वाटले. मुलीचे फेफरे तसेच राहिले आणि तिची शाळा सुटली. अशा रोगावर शस्त्रक्रियाही असू शकते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. म्हणून हा इतिहास आम्ही पुढे धुंडाळला.

हा रोग दैवी कोपाचा नव्हे, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे ग्रीक वैद्यांनी इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास लिहून ठेवले. आपल्या चरकसंहितेतही अपस्माराचे निदान आणि चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत आहेत. पण मेंदूत म्हणजे नेमके कोठे? हे कळेपर्यंत शस्त्र चालणार कोठे? लंडनच्या ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी झटका कोणत्या अवयवापासून सुरू होतो आणि कसा पसरतो हे बारकाईने पाहिले, आणि त्यावरून मेंदूतली जागा ओळखता येते असे दाखविले. त्याच आधारावर २५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी बावीस वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूतला व्रण काढला. लहानपणी घोडागाडीच्या धक्क्याने त्याची कवटी फुटली होती. म्हणजे दुखणे बालपणीचे आणि उपाय तारुण्यात. मधली वर्षे गेली ती गेलीच.

पुढे हान्स बर्गर यांनी १९२९ साली मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि रोगाची जागा शोधण्याचे नवे साधन हाती आले. माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड रोग्याला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत, मेंदूची एकेक जागा तपासून शस्त्र चालवीत. बालकांच्या बाबतीत मोठे धाडस केले ते जोहान्सबर्गच्या क्रायनाउ यांनी. अर्धांगाने पंगू झालेल्या आणि बहुतेक झटक्यांनीही बेजार झालेल्या बारा मुलांच्या मेंदूचा रोगट अर्धा भाग त्यांनी काढल्याचे १९५० साली जाहीर केले. अर्धा मेंदू काढून मूल जगते कसे? तर कोवळ्या वयात निरोगी अर्धा भाग बरीचशी कामे उचलतो. मूल चालते, बोलते. मात्र एका हाताच्या बोटांचे कसब सहसा परत येत नाही.

आणि बंधूंनो, अवघ्या दोनच वर्षांनी, १९५२ साली, वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी हीच शस्त्रक्रिया आपल्या देशात केली. ते पेनफील्ड यांच्याच हाताखाली शिकून आले होते.

हा मार्ग सरळ मात्र नव्हता. काही मुलांच्या डोक्यात, रिकाम्या झालेल्या पोकळीत, वर्षानुवर्षे रक्त झिरपून जीव गेले आणि शल्यवैद्यांचे हात आखडले. तेव्हा रासमुसेन यांनी १९७० नंतरच्या दशकात रोगट अर्ध्याचा बराचसा भाग जागीच ठेवून त्याचे संबंध तेवढे तोडण्याची रीत काढली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रियेचा नियमित कार्यक्रम चालू झाला. म्हणजे आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा त्याला तीन वर्षे झाली होती!

आता दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे काम पाहा. औषधांना दाद न देणाऱ्या, अठरा वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ५७ जणांवर शस्त्रक्रिया झाली, ५९ जण औषधांवर राहिले. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला : वर्षअखेर पहिल्या गटात ४४ मुले झटक्यांपासून मुक्त, दुसऱ्यात अवघी ४. किंमतही लपवता कामा नये. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १५ जणांच्या एका अंगाला कमजोरी आली. पण असा प्रयोग करता आला कसा? शस्त्रक्रियेसाठी वर्षाची रांग होती म्हणून! ज्या तुलनेने जगाचे ज्ञान वाढले, ती आपल्या मुलांच्या वाट पाहण्यातून निघाली. हे वैद्यांचे पाप नव्हे. रांग आधीचीच होती. ती हटविणे हे समाजाचे आणि सरकारचे काम आहे.

समाजाची बुद्धीही सावकाशच चालते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार विवाहाला आड आणला. तो शब्द गळायला १९९९ साल उजाडले.

नीट निवडलेली दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर रोग औषधाला दाद देत नाही असे आज वैद्यक मानते. प्रत्येक मूल शस्त्रक्रियेस योग्य ठरत नाही. पण तपासणीचा हक्क प्रत्येकाचा आहे. सभासदाचा पगार आम्ही मिळवून दिला, पण त्याच्या मुलीसाठी काय मागायचे हेच आम्हांला माहीत नव्हते. आपल्या आळीत असे मूल असेल, तर त्याच्या आईबापांना आज रात्रीच हे सांगा.