गाडी नेमकी कोणाची? आर्ट कारच्या इतिहासाकडे पाहताना

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज मोटारगाड्यांवर बोलणार, हे वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. काळजी करू नका, आम्ही इंजिनाबद्दल बोलणार नाही. त्यातलं आम्हाला काही कळतही नाही. आमचा प्रश्न साधा आहे. आपल्या नावावर असलेली वस्तू खऱ्या अर्थाने आपली केव्हा होते?

आपल्याकडे नवी गाडी दारात येते तेव्हा काय होतं बघा. झेंडूचा हार, नारळ, पेढे, चाकाखाली लिंबू. सगळं यथासांग होतं. पण सीटवरचं प्लॅस्टिक? ते काढायला कोणी तयार नसतं. महिनोन्महिने आपण त्या करकरणाऱ्या प्लॅस्टिकवर घाम गाळत बसतो. रंग निवडतानाही आपली आवड बाजूला राहते. घरातलं कोणीतरी जाणतं माणूस सांगतं, "पांढरी घ्या, विकताना बरी पडते." म्हणजे गाडी घेतल्या दिवसापासून आपण ती पुढच्या गिऱ्हाइकासाठी सांभाळत असतो. कागदावर आपण मालक असतो, पण वागतो मात्र राखणदारासारखे.

आज ज्यांचा इतिहास सांगायचा आहे, त्यांनी नेमकं उलट केलं. त्यांनी आपल्या धडधाकट गाडीवर रंग फासला, मणी चिकटवले, खेळणी, फळं, आरसे, कॅमेरे चिकटवले. तिची बाजारातली किंमत आपल्या हाताने मोडून टाकली आणि ती रस्त्यावर चालवली. या गाड्यांना 'आर्ट कार' म्हणतात. ही चळवळ मुख्यतः अमेरिकेत वाढली, आणि ती तिथेच का वाढली हेही पाहण्यासारखं आहे.

सुरुवात हेन्री फोर्डपासून करावी लागते. त्याची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने बनली. त्यातही 1914 ते 1925 या वर्षांत ती फक्त काळ्या रंगात मिळे. एकसारख्या गाड्या म्हणजे स्वस्त गाड्या, हे त्यामागचं गणित. पुढे जनरल मोटर्सने गिऱ्हाइकाला रंगांची निवड दिली, दरवर्षी नवं रूप दिलं. पण ही निवडसुद्धा कारखान्यानेच ठरवून दिलेली. सात रंगांतून एक उचलणं म्हणजे स्वातंत्र्य, अशी आपली समजूत तेव्हापासून पक्की झाली.

इथे आम्हाला जॉन लॉक आठवतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने मांडलं, की निसर्गातल्या वस्तूत माणूस स्वतःचे श्रम मिसळतो, म्हणून ती वस्तू त्याची होते. त्याच्या डोळ्यांपुढे नांगरलेली जमीन होती, झाडाखाली वेचलेली फळं होती. पण कारखान्यातून आलेल्या गाडीत आपले श्रम कुठे मिसळलेले असतात? फार तर हप्ते भरण्यात. आर्ट कारवाला माणूस लॉक वाचून कामाला लागत नाही, पण करतो तो हेच. विकत घेतलेल्या वस्तूत तो पुन्हा श्रम मिसळतो.

आता इतिहास. 1964 साली लेखक केन केसी याने 1939 सालची एक जुनी शाळेची बस घेतली. मित्रांनी मिळून ती भडक रंगांनी माखली आणि ती घेऊन मंडळी कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेली. बसचं नाव 'फर्दर', म्हणजे 'आणखी पुढे'. त्या नावाचं स्पेलिंगसुद्धा आधी चुकलेलं होतं आणि ते मागाहून दुरुस्त केलं गेलं. अमेरिकेतल्या त्या बंडखोर दशकाचं चाकांवरचं चित्र म्हणून ही बस ओळखली गेली.

तीन वर्षांनी, 1967 साली, इंग्लंडमध्ये जॉन लेननने आपली रोल्स रॉइस फँटम पिवळ्याधमक रंगाने रंगवून घेतली आणि त्यावर जिप्सींच्या घोडागाडीवर असते तशी फुलापानांची नक्षी काढवून घेतली. 1965 मध्ये हीच गाडी त्याच्याकडे काळ्याकुळकुळीत रूपात आली होती. रोल्स रॉइस म्हणजे इंग्रजी प्रतिष्ठेचं देवघर. त्यामुळे अनेकांना हा विटाळ वाटला. पाठोपाठ 1968 मध्ये टेक्सासची गायिका जॅनिस जॉप्लिन हिने साडेतीन हजार डॉलरला एक वापरलेली पोर्शे घेतली आणि आपल्याबरोबर काम करणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सकडून ती चित्रांनी भरून घेतली. फुलपाखरं, डोंगर, डोळे, तिच्या वाद्यवृंदातली माणसं, सगळं त्या गाडीवर. ही गाडी ती रोज चालवायची. रस्त्यात उभी केली की लोक काचेवर चिठ्ठ्या ठेवून जायचे.

या दोन गाड्यांचं पुढे काय झालं, हे ऐका. लेननची गाडी 1985 च्या लिलावात सुमारे 23 लाख डॉलरला गेली आणि आता ती कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराच्या संग्रहालयाकडे आहे. जॉप्लिन 1970 मध्ये गेली. त्यानंतर तिच्या गाडीवरचं चित्र झिजत, पोपडे धरत गेलं. कुटुंबाने ती पुन्हा मूळच्या राखाडी रंगात आणली. मग 1990 च्या दशकात कलाकारांकडून जुन्या छायाचित्रांवरून ते चित्र नव्याने काढून घेतलं. 2015 मध्ये ही गाडी साडेसतरा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. म्हणजे ज्या चित्रासाठी एवढे पैसे मोजले, तो रंग जॉप्लिनच्या डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता! थीसियसच्या जहाजाचं कोडं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. फळी फळी बदलली तर जहाज तेच राहतं का? त्याचं असं चारचाकी उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. बाजाराला जहाज तेच आहे का याच्याशी देणंघेणं नसतं. नाव तेच असलं की पुरतं.

दुसरी वाट कंपनीच्या दारातून जाते. फ्रान्समधले लिलावदार आणि हौशी शर्यतपटू एर्व्हे पूलँ यांच्या कल्पनेतून 1975 मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी एक बीएमडब्ल्यू रंगवली. ती ल मान्सच्या शर्यतीत प्रत्यक्ष धावली. पुढे फ्रँक स्टेला, रॉय लिक्टनस्टाइन आले. 1979 मध्ये अँडी वॉरहॉलने स्वतः ब्रश घेऊन अर्ध्या तासाच्या आत गाडी रंगवली आणि ती त्या वर्षी ल मान्सला सहावी आली. ही कला उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इथे गाडी कंपनीची, चित्रकार नामवंत, आणि रंगवल्याने गाडीची किंमत वाढली. धोका कोणीच पत्करला नाही. म्हणून आम्हाला या गाड्यांपेक्षा टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराची गोष्ट मोठी वाटते.

ह्यूस्टन हे तेलाचं शहर. पसरट, उकाड्याचं, गाडीवाचून जिथे पाव आणायलाही जाता येत नाही असं. या शहराचं एक वैशिष्ट्य आहे: अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरांपैकी झोनिंगचा कायदा नसलेलं हे एकच शहर. त्यामुळे आपल्या घराचं, अंगणाचं काय करावं याची मोकळीक इथे जरा जास्त. या मोकळिकीत जेफ मॅककिसॅक नावाच्या पोस्टमनने 1956 पासून एकट्याच्या बळावर एक वास्तू उभारली. टाकून दिलेलं लोखंड, चाकं, फरशा, काय मिळेल ते वापरून. विषय काय, तर संत्रं! संत्रं खावं, कष्ट करावेत, दीर्घायुषी व्हावं, हे सांगण्यासाठी माणसाने आयुष्याची दोन दशकं घातली. नाव ठेवलं 'ऑरेंज शो'. 1979 मध्ये त्याने ती लोकांसाठी उघडली. झुंडीने लोक येतील अशी त्याची खात्री होती. ते आले नाहीत. काही महिन्यांतच, जानेवारी 1980 मध्ये, तो वारला.

गोष्ट इथे संपली असती. पण मेरिलिन ओश्मन यांच्या पुढाकाराने काही शहरवासीयांनी ती वास्तू वाचवली आणि तिच्यासाठी संस्था काढली. याच मंडळींच्या परिघात 1984 साली जॅकी हॅरिस या कलावतीने एका जुन्या फोर्ड स्टेशन वॅगनवर प्लॅस्टिकची फळं चिकटवली. ही 'फ्रूटमोबिल'. त्याच वर्षी अॅन हरिथास यांनी ह्यूस्टनमध्ये भरवलेल्या प्रदर्शनात लॅरी फुएंतेची मण्याखड्यांनी मढवलेली कॅडिलॅक लोकांनी पाहिली. 1986 मध्ये अशा अकरा गाड्या माँट्रोझ बुलेव्हारवरून मिरवत गेल्या. 1988 च्या पहिल्या रीतसर आर्ट कार परेडमध्ये त्या चाळीस झाल्या. आज या परेडमध्ये अडीचशेच्या आसपास वाहनं असतात आणि बघायला लाखो लोक येतात. एकट्या पोस्टमनला जी गर्दी मिळाली नाही, ती त्याच्या वास्तूभोवती जमलेल्या माणसांनी उभी केली. आम्हाला या इतिहासातली सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

आणि हे 1980 च्या दशकातच का घडलं? तेलाचे भाव कोसळून ह्यूस्टनची अर्थव्यवस्था तेव्हा हलाखीत होती. ही परेड मंदीमुळे जन्मली असं आम्ही म्हणणार नाही, तो फार सोपा कार्यकारणभाव होईल. पण ज्या शहराने वाहनाला प्रतिष्ठेचं माप मानलं होतं, तिथे खटारा गाडीतूनही काही घडवता येतं, हे लोकांना पटायला तो काळ अनुकूल होता.

परेडमध्ये कोण असतं? शिक्षक, मेकॅनिक, निवृत्त माणसं, शाळकरी मुलांचे गट. गवत कापायचं यंत्र सजवून आणणारेही असतात. परीक्षक असतात, बक्षिसं असतात, पण मुख्य अट एकच: वाहन चाललं पाहिजे. हे कामही वाटतं तितकं सोपं नाही. टेक्सासच्या उन्हात रंग उडतो, सिलिकॉन सुटतं, महामार्गावर वाऱ्याने तुकडे निखळतात. काच, दिवे, नंबरप्लेट झाकून चालत नाही. त्यामुळे आर्ट कार कधी 'पूर्ण' होत नाही. मालक डिंकाची नळी गाडीतच ठेवतो.

या गर्दीत लोरायडरही असतात. या गाड्या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या. जमिनीलगत उतरवलेल्या, लखलखीत रंगाच्या, मुद्दाम सावकाश चालवायच्या. जिथे सगळे वेगाच्या मागे, तिथे यांनी संथपणाची ऐट केली. कॅलिफोर्नियाने 1958 पासून फार खाली उतरवलेल्या गाड्यांवर बंदी घातली. लगेच 1959 मध्ये रॉन अगिरे याने गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले: पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली! ही बंदी उठायला 2024 साल उजाडावं लागलं. म्हणजे बघा, लेननने रोल्स रॉइस रंगवली तर तो कलंदर. वस्तीतल्या पोराने शेवरले सजवली तर तो संशयित. सजवण्याचा हक्कसुद्धा सगळ्यांना सारखा मिळत नाही.

चळवळीचा इतिहास जपला तो हॅरड ब्लँक या चित्रपटकर्त्याने. पोरवयात त्याने आपली फोक्सवॅगन बीटल सजवली. 1992 मध्ये 'वाइल्ड व्हील्स' हा माहितीपट काढून देशभर विखुरलेल्या अशा मालकांना एकमेकांची ओळख करून दिली. मग त्याने एका व्हॅनवर शेकडो कॅमेरे चिकटवले. त्यातले काही खरोखर फोटो काढत. गाडीकडे आ वासून बघणाऱ्यांचेच फोटो! ते आम्ही पाहिले आहेत. त्या चेहऱ्यांवर कुचेष्टा क्वचित दिसते. बहुतेक माणसं क्षणभर लहान मूल झालेली असतात.

आता कोणी म्हणेल, सर, आपल्याकडे ट्रक आहेतच की! आहेत. मोर, कमळ, गाय-वासरू, आईचा आशीर्वाद. आणि 'हॉर्न ओके प्लीज', ज्यावर ध्वनिप्रदूषणाचं कारण देऊन 2015 मध्ये महाराष्ट्रात बंदी आली. पण फरक लक्षात घ्या. आपला ट्रक पेंटर रंगवतो. तो पोटापाण्याचा कसबी धंदा आहे, आणि रेडियमच्या तयार स्टिकरांनी तो खाल्ला जातोय. आर्ट कार मालक स्वतः सजवतो, बहुधा कसब नसताना. आम्हाला विचाराल तर आर्ट कारचं नातं ट्रकपेक्षा पोळ्याशी जवळचं आहे. ज्याच्या जिवावर वर्षभर खायचं, त्या बैलाला स्वतःच्या हाताने धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालून गावात मिरवायचं. तिथेही मालक कामाचा हिशेब एक दिवस बाजूला ठेवतो.

शेवटी एक खंतही सांगितली पाहिजे. अॅन आणि जेम्स हरिथास या दांपत्याने 1998 मध्ये ह्यूस्टनला आर्ट कार संग्रहालय काढलं. लोक त्याला ताजमहालावरून 'गराज महाल' म्हणत. प्रवेश फुकट. दोघंही अलीकडे गेले आणि 2024 मध्ये संग्रहालय बंद झालं. आम्हाला वाईट वाटलं. पण मग मनात आलं, की लेननची गाडी सुरक्षित आहे, आणि ती थांबलेली आहे. केसीची 'फर्दर' शेतातल्या ओल्या जागेत गंजत पडली. संग्रहालयाची दारं मिटली, तरी ह्यूस्टनची परेड मात्र चालू राहिली, कारण ती एका इमारतीत किंवा एका मालकाजवळ नव्हती. ती दरवर्षी सुटलेले तुकडे पुन्हा चिकटवणाऱ्या माणसांजवळ होती.

यावर आक्षेप घेता येईल. जतन करायचं नाही तर पुढच्या पिढीने पाहायचं काय? आक्षेप रास्त आहे, आमच्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणता येतं, की वस्तू जपणं आणि वस्तू जपून ठेवणं यांत फरक आहे. पहिल्यात हात खराब होतात.

आमच्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक आम्ही अकरा महिन्यांनी काढलं, हे इथे कबूल करतो. रंग पांढराच आहे. आता आपले प्रश्न ऐकू या.