कवडीचा हिशेब

‘तुला फुटकी कवडी देणार नाही,’ असे आपण रागाच्या भरात म्हणून जातो. एकेकाळी हा खराखुरा हिशेब होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) चलनाचे कोष्टक कवडीपासूनच सुरू होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण. बंगालात तर ८० कवड्यांचा हा पण अठराव्या शतकापर्यंत टिकला आणि सिल्हेटचा सरकारी महसूलही कवड्यांतच भरला जाई.

ही कवडी प्रामुख्याने येई मालदीव बेटांवरून. सुलैमान या व्यापाऱ्याच्या नावे असलेल्या इ.स. ८५१ च्या अरबी वृत्तांतात तेथील राणीची दौलत म्हणजे कवड्या, असे नमूद आहे. माडाची झावळी पाण्यावर टाकायची, कवड्या आपोआप तिला चिकटतात!

इब्न बतूता १३४३ मध्ये तेथे पोचला, तेव्हाही तख्तावर स्त्रीच होती, सुलताना खदीजा. काझीपद सांभाळताना त्याने बाजारभावही टिपून ठेवले. कवड्या किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत पुरत. आतले मांस नाहीसे झाले की पांढरे कवच उरे. लाख कवड्यांचा एक ‘बुस्तू’, चार बुस्तूंना सोन्याचा एक दिनार. भाव पडला की दहा-बारा बुस्तूही मोजावे लागत. बंगाली लोक तांदूळ देऊन त्या नेत. येमेनी खलाशी तर जहाजाच्या तळाशी वाळूऐवजी कवड्याच भरीत.

पुढे १३५२-५३ मध्ये हाच प्रवासी सहारा ओलांडून मालीला गेला. तेथे दिनाराला १,१५० कवड्या! बेटावर चार लाख, इथे साडेअकराशे. समुद्र जितका दूर, तितकी कवडी मोलाची. शिवाय तिची नक्कल करणे अशक्य आणि ती गंजतही नाही.

या हिशेबाची काळी बाजूही सांगायला हवी. परतीच्या वाटेवर इब्न बतूताच्या काफिल्यात सहाशे गुलाम स्त्रिया होत्या. आपल्या लाडक्या प्रवाशाला त्यात काही वावगे वाटले नाही, हे आपण कबूल केलेच पाहिजे. पुढे डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी तर त्याचा कारखानाच केला. मालदीवच्या कवड्या बंगाल-सिलोनमार्गे ॲमस्टरडॅम व लंडनला जात, तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या गेल्या आणि त्यांच्या बदल्यात माणसे जहाजांत भरली गेली.

मालदीवच्या बेटकऱ्याच्या पदरात मात्र तांदूळच पडत राहिला.