पाटाचा जमाखर्च

दख्खनच्या पाटबंधाऱ्यांचा इतिहास सांगताना धरणाची उंची, भिंतीची लांबी आणि मुख्य अभियंत्याचे नाव यांपासून आरंभ करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु ज्या वहीत त्या धरणाची जमा आणि खर्च मांडला गेला, ती वही कोणत्या रीतीने लिहिली जात होती, जमेच्या बाजूला काय धरले जाई आणि काय वगळले जाई, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. माझ्या मते पाणी कोणाच्या शेतात पोहोचणार हे जमिनीच्या उताराने ठरते तसेच ते या वहीनेही ठरते, आणि महाराष्ट्रातील गेल्या शंभर-दीडशे वर्षांच्या कालव्यांनी याचा पुरेपूर प्रत्यय आणून दिला आहे.

कालवे येण्यापूर्वीही या मुलुखात पाटाचे पाणी होते. खानदेशात पांझरा आणि तिला मिळणारी कान, बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर गावोगावी दगडी बंधारे घातलेले असून, त्यांच्या आधाराने जी फड पद्धत नांदली तिचे वय तीनचारशे वर्षांचे मानले जाते. बंधाऱ्याने अडलेले पाणी पाटात वळवावे, पाटातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतांत न्यावे, उरलेले पुन्हा ओढ्याला सोडावे, इतकीच तिची स्थापत्यविद्या. पण तिचे खरे कौशल्य दगडात नसून वाटणीत होते. गावची भिजणारी सारी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, विभागलेली असे आणि प्रत्येक कुणब्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असे. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा आणि पाणी ओढग्रस्त असेल तर कोणता फड पड ठेवायचा, हे गाव बसून ठरवी. एका फडात एकच पीक, आणि पुढच्या साली पाळी बदलणार. शेतात पाणी देण्याचे काम धन्याने करायचे नाही, ते पाटकऱ्याने करायचे. तो खांद्यावर फावडे टाकून चारीच्या तोंडाशी उभा राही, चिखलाचे ढेकूळ आणि गवताचा थर रचून एक तोंड बंद करी, दुसरे उघडी, आणि हे शेत पाटलाचे की गरिबाचे याची विचारणा न करता ओळीने एकेक वाफा भिजवीत पुढे सरके. वर हवालदार देखरेख ठेवी, जागल्या रात्री पाटाची राखण करी, आणि या सर्वांचा मोबदला पिकाच्या रूपाने मिळे. गाळ काढण्याच्या दिवसांत घरटी माणूस पाटावर हजर व्हावा लागे. जे भूमिहीन होते त्यांना यातले काही मिळत नव्हते, आणि फडाबाहेरच्या जिरायतदाराला पाण्याकडे दुरूनच पाहावे लागे, हे सांगितल्यावाचून या व्यवस्थेची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि जे भिजत होते ते टंचाईच्या वर्षी सारख्याच प्रमाणात कोरडे राहत होते, ही गोष्ट लहान नव्हे.

सरकारदरबारचा या बाबतीतला व्यवहार साधा होता. मराठी राज्यात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल मिळे आणि त्या जमिनीवर इस्तावा बसे, म्हणजे पहिली काही साले नाममात्र सारा घेऊन तो दरसाल चढवीत पूर्ण धाऱ्यापर्यंत नेला जाई. जमाबंदीच्या कागदांत पाटस्थळ आणि मोटस्थळ हे बागायतीचे भेद मांडलेले असत. राज्य आपला फायदा पुढच्या वसुलात पाहत होते, आणि त्यासाठी आज थोडे सोडून देण्याची त्याची तयारी होती.

इंग्रजी अमदानीत ही वही पालटली, कारण पैसा आता कर्जाचा होता आणि कर्जाला व्याज होते. कर्नल फाईफ याने आखलेले मुठेवरील खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकात उभे राहिले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर दगड-चुन्याची भिंत घालून नदी अडविणे ही त्या काळी हिंदुस्थानात नवी विद्या होती, आणि नव्या विद्येविषयी खजिन्याला पडतो तोच प्रश्न तेव्हाही पडला: हिच्यावर घातलेला पैसा व्याजासह परत येईल काय? त्यासाठी पाटबंधाऱ्यांचे दोन वर्ग करण्यात आले. काम पुरे झाल्यावर दहा वर्षांच्या आत ज्याचे निव्वळ उत्पन्न भांडवलाच्या व्याजाला पुरे पडेल ते उत्पादक. जे तसे पुरे पडणार नाही, पण दुष्काळात प्रजेचा जीव वाचवील, ते संरक्षक. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर संरक्षक कामांना दुष्काळ-विम्याच्या रकमेतून पैसा मिळू लागला, १८७९ मध्ये मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला, आणि भाटघरच्या धरणाखालचा नीरा डावा कालवा याच दुष्काळाच्या छायेत आकाराला आला. वर्गवारी तर्कशुद्ध होती. पंजाबातल्या कालव्यांनी तिच्यावर खजिने भरले. दख्खनच्या कालव्यांना मात्र तिच्यामुळे जन्मभर तोट्यातले पोर म्हणून हिणवले गेले.

इथे महात्मा फुल्यांचे स्मरण होते. स्वतः सरकारी बांधकामांचे मक्ते घेतलेल्या या गृहस्थाने १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये असे सुचविले होते की सरकारने आपले काळे-गोरे लष्कर आणि पोलीस यांच्याकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेताशेतात मुरत जाऊन मगच नदीला मिळेल. सैन्याचा पगार नाही तरी चालूच आहे, त्यातून हे काम करून घ्यावे, हा तो हिशेब. खजिन्याच्या वहीत अशा हिशेबाला रकाना नव्हता.

तोटा का येत होता, हे समजायला भीमथडीच्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहावे लागते. काळ्या जमिनीत ज्वारी पेरणारा हा मनुष्य बरा पाऊस पडला तर पाटाकडे फिरकत नसे, कारण पाणपट्टी भरून घेतलेल्या पाण्यामागून पाऊस आला तर पैसाही जाई आणि जड जमीन गच्च होऊन पीकही नासे. आणि पाऊस चुकला की सारा तालुका एकाच आठवड्यात अर्ज घेऊन कालव्याच्या कचेरीत धावे, तेव्हा तेवढे पाणी पाटात नसे. बारमाही, खात्रीचा आणि दर एकरी भरपूर पट्टी देणारा गिऱ्हाईक एकच होता: ऊस. सासवडचे माळी नीरेच्या कालव्यावर उतरले, खंडाने जमिनी घेतल्या, पेंड आणि खत ओतून त्यांनी असा ऊस पिकविला की पाहणाऱ्यांनी नवल करावे. पुढे कोपरगाव-बेलापूरपर्यंत कालव्यांमागोमाग जाऊन त्यांनी गुऱ्हाळे लावली. त्यांच्या उद्योगाला मी नावे ठेवणार नाही. परंतु दुष्काळात ज्वारी वाचविण्यासाठी म्हणून बांधलेला कालवा वसुलाच्या ओढीने उसाचा झाला, आणि जमेचा आकडा वाढला म्हणून वरिष्ठांनी समाधानही मानले. जमिनीखालचे पाणी वर येऊन बारामतीकडची चांगली शेते पाणथळ आणि चोपण होत चालली, ती हानी मात्र खर्चाच्या बाजूला पडली नाही. तिचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारला अखेर १९१६ मध्ये एक खास पाटबंधारे शाखा काढावी लागली. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालचे पाटबंधारे कमिशन १९०१ मध्ये नेमले गेले, तेव्हा या वहीला प्रथमच एक नवे पान जोडले गेले. १९०३ च्या अहवालात कमिशनने असा विचार मांडला की दुष्काळ पडला म्हणजे सरकारला कामे काढावी लागतात, अन्न पुरवावे लागते, सारा सोडावा लागतो. हा टळलेला खर्च संरक्षक कालव्याच्या नावे जमा धरावा आणि त्याच्या मापाने दर एकरी किती भांडवल घालणे रास्त ते ठरवावे. न झालेल्या खर्चाला किंमत असते, हे सरकारी अर्थविचारात शिरले ते असे.

त्याच सुमारास पुण्याच्या पाटबंधारे खात्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तरुण अभियंते होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पदवी घेऊन १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले, आणि त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे पांझरेच्या पात्रातून दातर्ती येथे नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये बसलेली त्यांची स्वयंचलित दारे सर्वश्रुत आहेत: भिंत न वाढविता जलाशयाची पातळी सुमारे ८ फूट चढली, आणि पुराचा लोंढा आला की दारे आपोआप उघडून त्याला वाट देत. मला मात्र त्यांची ब्लॉक पद्धत अधिक मोलाची वाटते. कालव्याचे पाणी दोन-चार गावांच्या उसात जिरू न देता अनेक गावांत थोडथोडे न्यावे, प्रत्येक ठिकाणी जमिनीचा एक ब्लॉक आखावा, त्याच्या तृतीयांशातच ऊस करू द्यावा, उरलेल्यात हलकी पिके घ्यावीत आणि दरसाल फेरपालट करावी, अशी ती तजवीज. शेतकऱ्यांनी आरंभी तिला विरोध केला, कारण जवळच्या पाण्यावरचा आपला हक्क जातो असे त्यांना वाटले. ब्लॉक आणि फड यांचे साम्य नजरेत भरण्याजोगे आहे, पण भेदही तितकाच मोठा: फडाची पाळी गाव ठरवीत होते, ब्लॉकची पाळी कालव्याचा अंमलदार ठरवणार होता. उसाला भाव चढला तेव्हा अंमलदाराच्या कागदाला गावच्या बैठकीइतके वजन उरले नाही. ती पद्धत कायद्याने चालली, पण अंगवळणी पडली नाही.

यानंतर गोदावरीचे कालवे झाले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेचे पाणी नगर जिल्ह्यात खेळू लागले, आणि वसुलाच्या मोजपट्टीने पाहता हीही कामे लंगडीच ठरली. तेव्हा ज्याने मोजपट्टीलाच हात घातला तो अभियंता नव्हता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली, भिजणारी गावे आणि कोरडवाहू गावे शेजारी ठेवून शेतीचे उत्पन्न, मजुरी, व्यापार यांची तुलना केली, आणि १९४८ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाणपट्टीचा वसूल म्हणजे कालव्याचे उत्पन्न नव्हे. कालव्यामुळे प्रदेशात जे अधिक पिकते, जे अधिक हात कामाला लागतात, तेही जमेस धरले पाहिजे, हा तिचा इत्यर्थ. आज कोणत्याही प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी लाभ-खर्चाचे कोष्टक मागितले जाते, त्याच्या हिंदुस्थानातील पूर्वजांत या पुस्तकाला फार वरचे स्थान द्यावे लागेल. लाभ कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न त्या कोष्टकात आजही दुय्यमच राहतो, ही माझी तक्रार गाडगिळांवर नाही. त्यांच्यानंतर ते कोष्टक भरणाऱ्यांवर आहे.

पुढे दोनच वर्षांनी प्रवरेच्या त्याच पाण्यावर विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षपदी लाभार्थ्यांनी बसविले ते त्या कालव्याचा जमाखर्च मांडणाऱ्या धनंजयरावांनाच.