बी एक, जमीन वेगळी

एकाच पोत्यातलं बी काळ्या रानात तरारतं आणि खडकावर वाळून जातं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॅन्सर शरीरात कसा पसरतो, हे एका डॉक्टरांनी याच दाखल्यावरून सांगितलं होतं.

स्टीफन पॅजेट हे इंग्लंडमधले सर्जन. स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या 735 जणींच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. तेव्हा अनेक डॉक्टर मानत, की कॅन्सरचे कण रक्तातून वाहतात आणि अडकतील तिथे वाढतात. पॅजेटना ते पटेना. कॅन्सर यकृतात गेलेल्या निघाल्या 241 आणि पाणथरीत गेलेल्या फक्त 17. रक्त तर दोन्हीकडे जातं! हाडांतही तसाच भेद. काही हाडं धरलेली, हाताच्या पंजांची आणि पावलांची हाडं सुटलेली. 1889 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात त्यांनी मांडलं, की नुसतं बी तपासून भागणार नाही, जमीनही तपासा.

पण ते मागे पडलं. 1928 साली अमेरिकेचे जेम्स युइंग म्हणाले, रक्ताचा प्रवाह जिकडे, तिकडे कॅन्सर, आणि बरीच वर्षं तेच चाललं. पुढे 1970 नंतर आयझॅक फिडलर यांनी उंदरांवर प्रयोग करून पॅजेटचं म्हणणं पुन्हा उभं केलं. (शेतकरणीला विचारलं असतं तर इतकी वर्षं लागली नसती, असं मला आपलं वाटतं.)

हाड ही जमीन कसदार का? हाड जिवंत असतं. जुनं झिजतं, नवं भरतं. कॅन्सरच्या पेशी ही झीज वाढवतात. हाड विरघळताना त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात आणि तीच कॅन्सरला खत होतात. म्हणून आता जमिनीवरही इलाज करतात. झोलेड्रोनिक ॲसिडच्या सलाईनने झीज आणि हाड मोडण्याचा धोका कमी होतो. रेडिएशनने दुखणं कमी होतं. हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो, औषधंही त्याचीच.

कंबर तर आपल्या सगळ्यांचीच दुखते, आणि बहुतेकदा ती कामानेच. पण स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या बाईचं हाड रात्री, पडल्या जागीही ठणकत असेल, तर उपचारांना दहा वर्षं झाली असली तरी डॉक्टरांना तो जुना आजार आधी सांगायचा. तोवर मणका चोळून, तुडवून घ्यायचा नाही. पायातलं बळ गेलं, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर मणक्यातली नस दाबली गेलेली असू शकते. तेव्हा त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.