फेटियावरच्या कवड्या

पुसद, दिग्रस, दारव्हा या भागात जुन्या बंजारा बायकांचा पोशाख, विशेषतः फेटिया म्हणजे त्यांचा घागरा, पाहायला मिळाला की पाहुण्यांची नजर आधी आरशांवर जाते. मी त्यांना कवड्या बघायला सांगते. आमच्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्राचा वारासुद्धा लागत नाही आणि कवडी तर मालदीवच्या उथळ पाण्यातली. चौदाव्या शतकात इब्न बतूता त्या बेटांवर राहिला होता. कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेतात, हे त्याने नोंदवलं आहे. बंगाल-ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कवडी हेच साध्या माणसाचं चलन होतं.

माझी आजी कवडी लावायची तेव्हा आधी तिची फुगीर पाठ दगडावर घासून काढायची. आत भोक उघडं पडलं की जाड दोरा त्यातून ओवायची आणि दातेरी तोंड बाहेर ठेवून ती कापडावर घट्ट बसवायची. कोथळीच्या, म्हणजे पिशवीच्या, चारही कोपऱ्यांना कवड्यांचे झुपके, त्याखाली लोकरीचे गोंडे, काचळीवर, म्हणजे चोळीवर, जुनी नाणी. एवढं वजन अंगावर घेऊन ती कापूस वेचायला जायची.

हा पोशाख घडला तो बैलांच्या वाटेवर, असं माझं ठाम मत आहे. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला उत्तरेत बंजाऱ्यांचा 14,000 बैलांचा तांडा वाटेत भेटला होता. वऱ्हाडात किनाऱ्यावरचं मीठ यायचं ते आमच्याच लोकांच्या बैलांवरून, आणि इथला कापूस जायचा पार मिर्झापूरच्या बाजारापर्यंत. 1803 च्या इंग्रज-मराठा लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवलं तेही बंजाऱ्यांनी. ज्याचं घर रोज पुढच्या मुक्कामाला हलतं, त्याने पेटारा कुठे ठेवायचा? बाईच्या अंगावरच ठेव असायची. घरातली नाणी कापडावर टाचलेली म्हणजे चोर येवो की पूर, निदान जवळ तरी.

कपड्यावर काय लावायचं याचा इंग्लंडमध्ये 1363 साली कायदाच झाला होता. कारागिराच्या बायकोने कोकरू, ससा, कोल्हा नाही तर मांजर यांचंच कातडं कपड्याला लावायचं. त्याहून भारी फर वरच्या लोकांसाठी राखीव. तिथे काठावरून पायरी कळायची. आमच्या काठावरून कळतो तो प्रवास, आणि तो कोणत्या राजाने ठरवून दिलेला नव्हता.

1867 मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत आगगाडी पोचली आणि बैलांचा धंदा मोडत गेला. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. हिंडणाऱ्या माणसाकडे सरकार संशयाने बघू लागलं. तांडे थांबले, शेतात राबू लागले. पुढे आमच्यातलेच, याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले. पण व्यापार संपला तशी कवड्यांची आवकही आटली, आणि नातींनी साडी नेसली. मीही साडीच नेसते.

हल्ली जुन्या कोथळ्या आणि फेटिये विकत घेणारे तांड्यांत फिरतात. शहरातल्या दुकानात त्याच कापडाच्या पिशव्या होतात, आणि कुणाच्या हातचं काम ते कुठेच लिहिलेलं नसतं. तुमच्या घरात असा एखादा फेटिया असेल आणि तो द्यायचाच असेल, तर आधी म्हातारीजवळ बसा. कोणी शिवला, कोणत्या तांड्यात, नाणी कुणाची, कवड्या कोणत्या बाजारातून आल्या, हे तिच्या तोंडून ऐकून लिहून ठेवा. सांगणाऱ्या बाया आता फार थोड्या उरल्या आहेत.