बायपोलर आजार : मूडची रोजची नोंद कशी ठेवावी?

जयंतीच्या पंधरवड्यात एखादा कार्यकर्ता चार-चार रात्री जागतो. वर्गणी, बॅनर, मिरवणूक, भाषण सगळे एकटा ओढतो. आपण त्याची पाठ थोपटतो. जून उजाडतो तेव्हा तोच मुलगा अंथरुणातून उठत नाही, फोन उचलत नाही. मग आपणच म्हणतो, 'याचा जोश उतरला.' जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना हे चित्र आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक जागरण म्हणजे आजार नव्हे. पण काही जणांचे हे चढ-उतार बायपोलर आजाराचे असतात. ते पकडायला एक साधी वही मोठी मदत करते.

आजार नेमका काय?

बायपोलरमध्ये मन दोन टोकांना जाते. उन्मादात झोप कमी लागते, तरी थकवा येत नाही. बोलणे आणि विचार धावतात, पैसा उधळला जातो, चिडचिड वाढते. असे किमान आठवडाभर राहते. याचाच सौम्य प्रकार किमान ४ दिवसांचा असतो. नैराश्य किमान दोन आठवडे टिकते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हा आजार दर हजार प्रौढांमागे सुमारे तिघांमध्ये आढळला. तो 'बाहेरचा' नाही आणि कमकुवत मनाची खूणही नाही.

नोंद का हवी?

चढाच्या काळात माणसाला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही. तो दवाखान्यात जातो खचल्यावर. डॉक्टरांना फक्त उतार कळतो आणि उपचार निव्वळ नैराश्याचे होतात. बायपोलर असताना नुसती नैराश्याची गोळी दिली, तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. म्हणून वाईट दिवसांइतकेच 'फार भारी' दिवसही लिहून ठेवायला हवेत.

रोज काय लिहावे?

रात्री झोपण्यापूर्वी, ठरलेल्या वेळी, एक ओळ पुरे :

• मूड : उणे ३ ते अधिक ३. शून्य म्हणजे नेहमीसारखा.
• झोप : किती तास झाली?
• औषध : घेतले की चुकले?
• खर्च, भांडण, दारू : काही वेगळे घडले का?
• प्रसंग : रात्रपाळी, परीक्षा, प्रवास, घरातला मृत्यू. स्त्रियांनी पाळीची तारीखही लिहावी.

एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवसापासून पुढे लिहावे. महिन्याची पाने एकत्र पाहिली की स्वतःचा नमुना दिसू लागतो. झोप सलग दोन-तीन रात्री घटली आणि तरी अंगात जोर वाटत असेल, तर ती अनेकांच्या बाबतीत उन्मादाची पहिली चाहूल असते. अशा वेळी डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नये.

खानदेशच्या उन्हात लिथियम

या आजारावरचे जुने आणि प्रभावी औषध म्हणजे लिथियम. त्याची रक्तातली पातळी ठरावीक काळाने तपासावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. केळीच्या बागेत किंवा बांधकामावर घाम गाळणाऱ्याच्या शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की ही पातळी धोकादायक वाढू शकते. जुलाब-उलटीतही तेच होते. पाणी पीत राहावे, मीठ एकदम तोडू नये, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, सतत उलट्या असे काही दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. बरे वाटते म्हणून कोणतेही औषध मनाने बंद करू नये.

वही कोणाची?

वही ज्याची त्याची. घरच्यांनी ती पाळत ठेवायला वापरू नये, मंडळाच्या ग्रुपवर तर तिचा उल्लेखही नको. विश्वासातल्या एका माणसाला दाखवावी आणि ठीक असतानाच त्याच्याशी ठरवून घ्यावे : 'मी सलग तीन रात्री जागलो, तर तू मला दवाखान्यात ने.' मरणाचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवून त्याच क्षणी कोणाला तरी सांगावे आणि सोबत घेऊन दवाखान्यात जावे.

मदत कुठे?

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील मनोविकार विभागात वही घेऊन जावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेत उपचार मिळणे आणि आजाराची माहिती गुप्त राहणे हा आपला हक्क आहे.

मंडळांना आमची एकच विनंती. १४ एप्रिल असो की ६ डिसेंबरचा प्रवास, जागरणाच्या पाळ्या लावा. आणि एखादा सहकारी 'मला आज झोपायला हवे' म्हणाला, तर त्याला निष्ठेचा धडा शिकवू नका, घरी सोडून या.